मे महिन्यात पान असलेले झाड

शहरात कोणती झाडे लावावीत हा प्रश्न महाराष्ट्रात दर वर्षी मृगाच्या तोंडावर निघतो आणि बहुतेक वेळा ‘देशी की विदेशी’ एवढ्यावरच अडकून पडतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला अशा शहरांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे हा वाद आता हौशी निसर्गप्रेमींपुरता उरलेला नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू जास्त झाले, असा अंदाज संशोधकांनी नंतर मांडला. त्यातूनच २०१३ साली त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि पुढे तो इतर शहरांनी गिरवला. सावली हा आरोग्याचा विषय ठरल्यावर झाडांच्या निवडीत लक्ष घालणारेही वाढले. वनस्पतिशास्त्रज्ञ, पक्षीमित्र, रस्त्यांचे अभियंते, हवामानाचे अभ्यासक आणि रोपवाटिकावाले यांच्यापैकी प्रत्येकाकडे स्वतःची यादी आहे. या याद्या का जुळत नाहीत आणि वाद आज कुठवर आला आहे, हे इथे पाहायचे आहे.

याद्या कशा बनत गेल्या

रस्त्याकडेला सावलीसाठी झाडे लावण्याचा आपल्याकडचा एक जुना लेखी दाखला अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात आहे. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटेवर वड लावले, असे त्यात म्हटले आहे. प्रजातीच्या निवडीमागचे कारणही तिथेच सांगून झाले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी.

पुढे इंग्रजी अमदानीत शहरे आखली जाऊ लागली तशी निवडीला शोभेची जोड मिळाली. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेकडचा पर्जन्यवृक्ष, आग्नेय आशियातला सोनमोहर हे सारे त्या काळात आपल्या रस्त्यांवर रुळले. नवी दिल्लीची गोष्ट जरा वेगळी आहे. प्रदीप क्रिशन यांनी ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ (२००६) या पुस्तकात ती उलगडून दाखवली आहे. राजधानीतले रस्ते बारमाही हिरवे दिसावेत असा आखणी करणाऱ्यांचा आग्रह होता. म्हणून अरवलीच्या कोरड्या, पानगळीच्या रानातली झाडे मागे राहिली आणि ओलसर जागी वाढणारे जांभूळ नि अर्जुन पुढे आले. झाडे भारतीयच होती, पण त्या जागेची नव्हती. आजच्या वादातली एक मोठी गाठ तिथेच पडलेली दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सामाजिक वनीकरण आले आणि वेगाला महत्त्व आले. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांनी उजाड टेकड्या काही वर्षांत हिरव्या केल्या. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची जी दाटी आज दिसते, ती त्याच काळाची देणगी. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड बिया-मुळांच्या विषारीपणामुळे ‘उंदीरमारी’ म्हणूनही ओळखले जाते. याच सुमारास, १९७५ मध्ये, महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांसाठी वृक्ष संरक्षणाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरणे आणि ठरावीक काळाने होणारी वृक्षगणना त्यातून आली. २०१६ च्या २ कोटींपासून २०१९ च्या ३३ कोटींपर्यंत चढत गेलेली राज्याची वृक्षलागवड मोहीम हा या प्रवासातला एक अलीकडचा टप्पा. या प्रत्येक टप्प्यावर यादी बदलली, कारण झाडाकडून असलेली अपेक्षा बदलली.

देशी-विदेशीचा वाद

देशी झाडांच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. इथले कीटक, पाखरे, वटवाघळे यांचा या झाडांशी हजारो वर्षांचा घरोबा आहे. वड-पिंपळ-उंबरांवर फळांच्या हंगामात जी गर्दी होते, ती गिरिपुष्पाखाली होत नाही. वेडी बाभूळ किंवा सुबाभूळ यांसारखी काही परकी झाडे स्वतःच पसरत जाऊन इतरांची जागा खातात. शिवाय इथल्या पावसाच्या लहरीपणाशी जुळवून घेतलेले झाड दुष्काळात तग धरण्याची शक्यता अधिक.

दुसरी बाजूही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या चिंचेखाली महाराष्ट्रातल्या निम्म्या गावांचे पार आहेत, ती मूळची आफ्रिकेची मानली जाते, आणि तिला परकी म्हणायला कुणी धजावत नाही. पर्जन्यवृक्षाच्या एका छत्रीखाली जेवढा रस्ता झाकला जातो, तेवढा झाकायला दुसरी तीन-चार झाडे लागतील. उलट उदाहरण मक्केजवळच्या अराफतच्या मैदानातले आहे. ऐंशीच्या दशकात तिथे यात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून कडुनिंबाची सुमारे ५० हजार झाडे लावली गेली. आपला सर्वांत देशी वृक्ष तिथे परदेशी, आणि तिथे त्याने आपले काम केले.

तिसरी भूमिका गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. शहर ही कुणाचीच मूळ जागा नाही, असे ती मांडते. डांबर, काँक्रीट, वातानुकूलन यंत्रांची गरम हवा आणि खालून जाणाऱ्या नळवाहिन्या यांच्यामधली जमीन सह्याद्रीतल्या जमिनीसारखी नसते, पश्चिम विदर्भातल्या माळासारखीही नसते. २०२२ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने ७८ देशांतल्या १६४ शहरांमधील झाडे तपासली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रजाती आजच त्यांच्या नैसर्गिक प्रदेशात अनुभवाला येणाऱ्या तापमानाच्या पलीकडच्या हवामानात जगत आहेत, असे त्यात दिसले. २०५० पर्यंत हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश होईल, असा अंदाजही त्यात आहे. म्हणजे आज ‘इथले’ असलेले झाड उद्याच्या इथल्या हवेला परके ठरू शकते. देशी बाजूचे अभ्यासक यावर म्हणतात की निसर्गात विस्तृत पट्ट्यात आढळणाऱ्या देशी प्रजाती निवडल्या, तर ही अडचण बरीच कमी होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि महाराष्ट्रातल्या शहरांवर या दृष्टीने पद्धतशीर काम अजून तुटपुंजे आहे.

सावलीचे वेळापत्रक

माझ्या मते या साऱ्या चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत उपयोगाचा मुद्दा हा आहे की झाडाला पाने कोणत्या महिन्यात असतात.

महाराष्ट्राच्या पठारावरची बरीच झाडे पानगळीची. युरोपात पानगळीचे झाड रस्त्यावर सोयीचे, कारण उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळते. आपल्याकडे गणित उलटते. आपली पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते आणि कित्येक झाडे नेमकी एप्रिलच्या उन्हात बोडकी उभी असतात. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये महिन्यागणिक झाडांची जी अवस्था टिपली आहे, तशी नजर आपल्या उद्यान विभागांच्या याद्यांमध्ये क्वचितच दिसते.

दोन ओळखीची झाडे शेजारी ठेवून पाहू. गुलमोहर फेब्रुवारीपासून पाने टाकतो, एप्रिल-मे मध्ये फुलून जातो आणि भरघोस पाने येईपर्यंत पावसाळा तोंडावर येतो. कॅलेंडरवरच्या फोटोसाठी त्याच्यासारखे दुसरे झाड नाही, पण एप्रिलच्या दुपारी त्याच्याखाली बसणाऱ्या भाजीवालीला डोक्यावर छत्री लावावीच लागते. करंज मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पाने झटकून लगेच पोपटी, तकतकीत पालवीने भरतो, आणि ऐन उन्हाळ्यात त्याची छाया गडद असते. त्याच्या पानांवर कोळीकिड्यांमुळे हिरव्या गाठी येतात. त्या पाहून ‘झाडाला रोग लागला, काढून टाका’ अशी तक्रार करणारे रहिवासी असतात. गाठी आल्या तरी झाडाचे फारसे बिघडत नाही.

कडुनिंब, वड, पिंपळ, मोह यांची नवी पालवी मार्च-एप्रिलमध्ये येते, थोडे पुढे-मागे. जांभूळ आणि आंबा सदाहरित. शिरीष हिवाळ्यात वाळक्या शेंगा खुळखुळवत उभा असतो आणि एप्रिलमध्ये भरतो. बहावा, पळस, पांगारा, काटेसावर ही फुलांची राजेशाही झाडे आहेत, पण सावलीच्या हिशेबात ती ऐन उन्हात गैरहजर असतात. याचा अर्थ ती लावू नयेत असा नाही. बागेत, दुभाजकावर, पाखरांसाठी ती हवीतच. बसथांब्यावर, रिक्षातळावर, मजूर अड्ड्यावर मात्र त्यांचा उपयोग कमी.

पालवीचा काळ ठिकाणानुसार, पाण्यानुसार बदलतो. गळक्या नळाशेजारचा पिंपळ आणि मुरमाड टेकाडावरचा पिंपळ एकाच आठवड्यात फुटत नाहीत. म्हणून बाहेरच्या पुस्तकातून घेतलेले वेळापत्रक चालत नाही. शहरागणिक नोंद ठेवावी लागते.

सावलीच्या पलीकडे झाड हवेला थंड करते ते बाष्पोत्सर्जनाने. इथेही प्रजातींमध्ये फरक पडतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी पुष्कळ झाडे पानांची छिद्रे मिटून पाणी वाचवतात. मग थंडावा उरतो तो फक्त छायेचा. खोल मुळांचे, पाणी गाठू शकणारे झाड दुपारीही बाष्प सोडत राहते, पण ते पाणी कुठून तरी यावे लागते. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत याच बाष्पाने आर्द्रता वाढते, म्हणून तिथे फायदा मुख्यतः सावलीचाच. ११० शहरा-प्रदेशांवरच्या अभ्यासांचा २०२४ मध्ये एक आढावा घेतला गेला. झाडांमुळे दिवसा पादचाऱ्याच्या पातळीवर काही ठिकाणी १२ अंशांपर्यंत थंडावा मिळतो, पण दाट छत्र रात्री जमिनीची उष्णता अडवून ठेवते, असे त्यातून दिसले. त्या अभ्यासकांनी सदाहरित आणि पानगळीच्या झाडांचे मिश्रण सुचवले. शिरीष, चिंच, पर्जन्यवृक्ष संध्याकाळी पाने मिटतात. रात्रीच्या उष्णतेवर त्याचा काय परिणाम होतो हे आपल्या शहरांत मोजून पाहण्याजोगे आहे.

माती, मुळे आणि दोन फुटांचे आळे

अभियंत्यांची यादी सावलीपासून सुरू होत नाही. ती मुळांपासून सुरू होते. वड-पिंपळ भिंती आणि गटारे फोडतात, गुलमोहर आणि सोनमोहर वळवाच्या वादळात कडकड मोडतात, उंच झाडे वीजवाहिन्यांना लागतात. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मुंबईत मोठ्या संख्येने झाडे पडली, तेव्हा विदेशी झाडे ठिसूळ असतात हा मुद्दा पुन्हा वर आला. काही झाडांच्या बाबतीत तो खरा आहे. तरी पडलेल्या झाडाची मुळे पाहिली की दुसरी गोष्टही दिसते. फुटपाथवरच्या झाडाला बहुधा दोन फूट बाय दोन फूट आळे मिळते. भोवती पेव्हर ब्लॉक, खाली केबल टाकताना तोडलेली मुळे, वर एकाच बाजूने केलेली छाटणी. अशा जागी कोणत्याही देशाचे झाड डगमगते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने.

मातीचा प्रश्न महाराष्ट्रात फार स्थानिक आहे. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. पुण्या-सोलापूरकडे मुरमावर हातभर माती. कोकणात जांभा आणि किनाऱ्याला खारा वारा. किनाऱ्यावर उंडी आणि भेंड टिकतात, काळ्या मातीत बाभूळ, कडुनिंब आणि शिरीष बरे. ताम्हण हे राज्याचे फूल असल्याने सगळीकडे लावण्याचा उत्साह असतो, पण त्याला ओल लागते. कोकणात जे झाड फुलांनी लवते, ते सोलापुरात टँकरच्या आधारावर जगते.

रहिवाशांची अपेक्षा आणखी वेगळी. जांभळाने गाड्या डागाळतात, लिंबोळ्यांवरून पाय घसरतो, उंबराखाली माश्या होतात. कचरा न करणारे झाड हवे, ही मागणी नगरसेवकाकडे ‘झाड हवे’ या मागणीइतकीच नियमित पोहोचते. आसुपालवाच्या सरळसोट रांगा सोसायट्यांमध्ये लोकप्रिय झाल्या त्या यामुळेच. त्याला अशोक म्हणून विकतात. सावली मात्र त्याच्या खोडापुरती.

कोनोकार्पस आणि हवेचा प्रश्न

अलीकडच्या वादात सर्वांत गाजलेले नाव कोनोकार्पसचे. सोमालिया-येमेनच्या पट्ट्यातले हे झाड. आखाती देशांत ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले आणि पश्चिम भारतात दुभाजक नि कारखान्यांच्या कुंपणांपर्यंत पोहोचले. ते पाणी कमी असले तरी हिरवेगार राहते, भराभर वाढते, धूळ अडवते. विरोधकांचे म्हणणे असे की त्याच्या परागकणांमुळे श्वसनाचे त्रास होतात आणि मुळे नळवाहिन्या व गटारे बुजवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वन विभागाने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. इतर राज्यांतही तशी पावले उचलली गेली. समर्थकांचा सवाल आहे की परागकणांचा पुरावा जितका जाहीर केला जातो तितका भरभक्कम आहे का. हा सवाल रास्त आहे. ॲलर्जीसाठी भारतात चांगले नोंदले गेलेले परागकण वावळासारख्या अस्सल देशी झाडाचेही आहेत, आणि वावळ काढा अशी मोहीम कुणी चालवत नाही.

हवा शुद्ध करणाऱ्या झाडांच्या यादीतही अशी गुंतागुंत आहे. पानातले ॲस्कॉर्बिक ॲसिड, हरितद्रव्य, सामू आणि पाण्याचे प्रमाण यांवरून प्रदूषण-सहनशीलता मोजण्याची पद्धत १९८३ पासून वापरात आहे. तिच्या आधारे भारतात ढीगभर शोधनिबंध निघाले. ती झाड किती सोसते हे सांगते, हवा किती साफ करते हे सांगत नाही. शिवाय निलगिरीसारखी काही झाडे आयसोप्रीन नावाचे बाष्पशील रसायन सोडतात आणि वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांसोबत त्यापासून ओझोन तयार होऊ शकतो. प्रजाती निवडताना हा निकष आपल्याकडे अजून प्रयोगशाळेच्या बाहेर आलेला नाही.

एकाच झाडाचा सोस

यादीतले पहिले झाड कोणते, यापेक्षा यादी किती लांब हे महत्त्वाचे असे मानणारा प्रवाह अमेरिकेतून आला. तिथल्या एल्म वृक्षांचा एका बुरशीने झालेला संहार डोळ्यांसमोर असताना फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये १०-२०-३० चा ठोकताळा मांडला. कुठल्याही शहरात एक प्रजाती १० टक्क्यांहून, एक वंश २० टक्क्यांहून आणि एक कुळ ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असा तो आहे. मेलबर्नने दीर्घ दुष्काळात झाडे खंगताना पाहून २०१२ च्या धोरणात याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश मर्यादा घालून घेतल्या: ५, १० आणि २०.

आपल्याकडे या नियमाची एक अडचण आहे. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, शिरीष, करंज, चिंच, बहावा, पळस, पांगारा, कांचन ही सारी एकाच शिंबावंत कुळातली. कुळाची ३० टक्क्यांची मर्यादा पाळायची, तर आपल्या रस्त्यांची अर्धी यादी एका खोक्यात बसते. त्यामुळे काही जण हा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये म्हणतात. त्यामागचा धडा मात्र इथेही मिळाला आहे. मुंबईत पिठ्या ढेकणाने पर्जन्यवृक्ष वाळले आणि २०२१ च्या सुमारास तेलंगणात मरीच्या रोगाने कडुनिंबांचे शेंडे करपले. पहिले झाड परके होते, दुसरे आपले.

दाट वने आणि मोकळी माळराने

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीची वने २०२० पासून मुंबईत महापालिकेने लावली. चौरस मीटरला तीन-चार देशी रोपे, सुरुवातीची दोन-तीन वर्षे निगा, मग वन आपले आपण. छोट्या भूखंडावर पटकन हिरवळ हे तिचे बळ. टीकाकार म्हणतात की ही पद्धत दमट, दाट जंगलांच्या कल्पनेवर उभी आहे. पठारावरचा बराच भाग मुळात गवत आणि विरळ झाडांचा आहे. संशोधकांनी अलीकडे जुन्या मराठी ओव्या, आख्याने यांतल्या झाडा-गवतांच्या उल्लेखांवरून पश्चिम महाराष्ट्रातली माळराने कित्येक शतके जुनी असल्याचे मांडले आहे. तसे असेल, तर टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या जागी दाट देशी जंगल उभे करणे हीसुद्धा चूकच ठरेल का, असा प्रश्न पुढे येतो. शिवाय दाटीवाटीच्या वनात चालणाऱ्याला सावली मिळत नाही. ती कुंपणाच्या आत राहते.

अजून न सुटलेले

१९७५ च्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. जुन्या झाडाची किंमत त्यामुळे मान्य झाली. पण मोजणी रोपांच्या संख्येची झाल्यावर ठेकेदार जे स्वस्त आणि लवकर उंच होते ते झाड लावतो. साठ वर्षांच्या वडाची सावली साठ रोपांनी कधी भरून निघते, याचा हिशेब कुठल्याच नियमात नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. रोपाला पहिले तीन उन्हाळे पाणी लागतेच, मग ते कितीही काटक असो. ते पिण्याचे असावे, की शुद्ध केलेले सांडपाणी, आणि त्याचा खर्च लागवडीच्या निविदेत धरावा की वेगळा, यावर महापालिकांची धोरणे एकसारखी नाहीत.

आणि अखेरीस रोपवाटिका. यादी कितीही शास्त्रीय केली, तरी जूनमध्ये जे रोप पिशवीत तयार असते तेच खड्ड्यात जाते. जांभळाचे आणि कडुनिंबाचे बी काही आठवड्यांतच रुजण्याची ताकद गमावते, बहाव्याच्या बीला प्रक्रिया केल्याशिवाय अंकुर फुटत नाही, आणि मोह किंवा शिरीष रस्त्यावर लावण्याइतका सहा फुटी व्हायला दोन-तीन वर्षे जातात. तोवर तो पिशवीत राहिला तर मुळे आत गुंडाळली जातात आणि पुढे वादळात तेच झाड मुळासकट येते. निविदा मात्र दर वर्षी मार्चनंतर निघते आणि जुलैत रोपे मागते. तीन वर्षे आधी मागणी नोंदवणारी महापालिका आणि त्या भरवशावर बी गोळा करणारा रोपवाटिकावाला यांचा करार कसा असावा, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी जेवढे लिहिले आहे त्याच्या मानाने लेखा विभागांनी जवळपास काहीच लिहिलेले नाही.